अत्यंत तातडीचे

मंत्रालयातून निघालेला शासन निर्णय हजारभर किलोमीटर पूर्वेकडे सरकत सरकत तुमसरला येतो, गोबरवाही ओलांडतो आणि नाकाडोंगरीला येऊन थांबतो. थांबतो तो शहाणपणानं नव्हे. पुढे जागाच नाही म्हणून. पुढे मध्यप्रदेश लागतो, बालाघाट जिल्हा लागतो, कटंगीचा बाजार लागतो, आणि तिथं भोपाळचे आदेश आधीच पाय पसरून बसलेले असतात. म्हणून महाराष्ट्राच्या शिक्षणात काय काय बदललं हे बघायचं तर पुण्यात बसून उपयोग नाही. पुण्यात निर्णय ताजे असतात. इथं ते साचतात. शेजारच्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीत जमिनीचे थर दिसावेत तसे या भागातल्या कुठल्याही शाळेच्या लोखंडी कपाटात धोरणांचे थर दिसतात. तळाशी १९८७ च्या ऑपरेशन ब्लॅकबोर्डची पेटी, तिच्यावर सर्व शिक्षा अभियानाच्या फायली, त्यावर शिक्षण हक्क कायद्याची पुस्तिका, त्यावर २०१५ चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र, आणि सगळ्यात वर २०२० च्या नव्या धोरणाचं प्रशिक्षण साहित्य. कपाटाचं दार आता लागत नाही.

त्या तळाच्या पेटीविषयी आदर बाळगावा अशी एक गोष्ट आहे. ऑपरेशन ब्लॅकबोर्डनं ठरवलं होतं की कितीही लहान शाळा असली तरी किमान दोन खोल्या आणि किमान दोन शिक्षक हवेतच. आज अनेक छोट्या शाळांत नेमके तेवढेच आहेत. फरक इतकाच की १९८७ साली ते किमान होतं, आता तेच कमाल झालं आहे.

शिक्षणाची व्यवस्था समजून घ्यायची तर आधी जिना बघावा लागतो. वर प्रधान सचिव, मग पुण्यातले शिक्षण आयुक्त, मग संचालक, नागपूरचे विभागीय उपसंचालक, भंडाऱ्याचे शिक्षणाधिकारी (प्राथमिकचे वेगळे, माध्यमिकचे वेगळे), तुमसरचे गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख आणि मुख्याध्यापक. अशा नऊ पायऱ्या उतरून कागद शिक्षकाच्या हाती पडतो. दोनशिक्षकी शाळेत दोघांतला जो ज्येष्ठ तोच मुख्याध्यापक. त्यामुळे शेवटच्या पायरीवर गुरुजी डाव्या हातानं कागद स्वतःलाच देतात आणि उजव्या हातानं त्याची पोच लिहून घेतात.

पूर्वी या जिन्याचा एक फायदा होता. कागद उतरायला इतका वेळ लागायचा की तो पोहोचेपर्यंत बऱ्याचदा रद्द झालेला असे, आणि गुरुजींना दोन्ही कागद एकाच टपालात मिळत. लावून टाकले फाइलला, झालं काम. व्हॉट्सअ‍ॅपनं हे सुख संपवलं. आता निर्णय सहीची शाई वाळायच्या आत येतो, म्हणजे तो रद्द होण्याआधी त्याची अंमलबजावणी करावी लागते. वर ‘अत्यंत तातडीचे’ असं लिहिलेलं. ‘माहिती आजच दुपारी दोनपर्यंत विहित नमुन्यात सादर करावी’ हा संदेश तीन वाजता येतो, कारण वरच्या प्रत्येक पायरीनं तो ‘पुढील कार्यवाहीस्तव’ ढकलायला आपापला अर्धा तास घेतलेला असतो.

बरं, मूल कोणाचं? हा प्रश्न पानठेल्यावर विचारला तर लोक बापाचं नाव सांगतील, पण शासनाच्या लेखी उत्तर तेवढं सोपं नाही. तीन ते सहा वर्षांपर्यंत अंगणवाडीतलं मूल महिला व बालविकास खात्याचं. सहाव्या वर्षी ते शालेय शिक्षण विभागाचं होतं. म्हणजे त्याचं पुस्तक शालेय शिक्षणाचं, पण त्याला शिकवणाऱ्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींची बदली ग्रामविकास विभागाच्या हाती. ताटातला तांदूळ केंद्राचा. हा भंडारा जिल्हा, राज्याला भात खाऊ घालणारा, पण शाळेच्या खिचडीचा तांदूळ योजनेतून येतो आणि त्याचा हिशेब रोज अ‍ॅपवर भरावा लागतो. तोच मुलगा आश्रमशाळेत गेला तर आदिवासी विकास विभागाचा. दहावीला नागपूरच्या विभागीय मंडळाचा. आयटीआयला गेला तर कौशल्य विकासाचा. कॉलेजात गेला तर उच्च शिक्षणाचा आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठाचा. इतकी खाती पाठीशी असलेलं मूल नापास कसं होऊ शकतं, हेच कळत नाही.

या भागातल्या म्हाताऱ्यांना मात्र याचं काही वाटत नाही. १९५४ साली इथं पहिलीत बसलेला मुलगा मध्यप्रदेशात बसला, कारण तेव्हा भंडारा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या नोव्हेंबरात तो त्याच पट्टीवर बसल्या बसल्या मुंबई राज्यात गेला. १९६० च्या मे महिन्यात, उन्हाळ्याच्या सुट्टीत आंबे खात असताना, महाराष्ट्रात आला. आधी शाळा जनपद सभेची होती, १९६२ साली ती जिल्हा परिषदेची झाली. अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत त्यानं तीन राज्यं पाहिली आणि एकदाही गाडीचं तिकीट काढलं नाही. मास्तर मात्र तेच, छडीही तीच.

आता गणित. १९७० च्या दशकात महाराष्ट्रानं अकरावीची मॅट्रिक मोडून दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध आणला. नव्या पद्धतीची पहिली दहावी मार्च १९७५ मध्ये झाली. त्यावर पंचेचाळीस वर्षं गेली आणि नवं धोरण आलं: पाच अधिक तीन अधिक तीन अधिक चार. आमच्या ओळखीच्या एका गुरुजींनी प्रशिक्षणात बसल्या बसल्या वहीच्या कोपऱ्यात दोन्ही बेरजा करून पाहिल्या. दोन्ही पंधराच. त्यांनी ती वही तज्ज्ञ मार्गदर्शकांना दाखवली नाही, कारण ते त्या वेळी ‘आमूलाग्र’ हा शब्द फळ्यावर लिहीत होते. अर्थात बेरीज सारखी असली तरी माल वेगळा आहे. जुन्या पंधरात पोरगा पहिलीत शिरून बी.ए. होऊन बाहेर पडायचा. नव्या पंधरात तो तीन वर्षांचा असताना अंगणवाडीत शिरतो आणि पंधरा वर्षांनी बारावी होतो. पंधराच्या पंधरा वर्षं दिली, आणि पदवी गेली कुठं, असं एखाद्या बापानं विचारलं तर त्याला काय उत्तर द्यायचं हे प्रशिक्षणात सांगितलेलं नाही.

शिवाय पहिल्या पाचांतली तीन वर्षं अंगणवाडीत आणि दोन शाळेत. म्हणजे एकच पायाभूत स्तर, एक पाय महिला व बालविकासात आणि दुसरा शालेय शिक्षणात. अंगणवाडी ताई आणि पहिलीचे गुरुजी यांच्यात एक भिंत असते, पण त्या भिंतीच्या दोन बाजूंना दोन मंत्री असतात.

या सगळ्या आकृतिबंधांत खरी परवड झाली ती पाचवीची. महाराष्ट्रात परंपरेनं प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि हायस्कूल पाचवीला सुरू होतं. शिक्षण हक्क कायदा म्हणतो, प्राथमिक पाचवीपर्यंत. पलीकडे मध्यप्रदेशात पाचवी प्राथमिकमध्येच आहे, सहावीपासून माध्यमिक शाळा. त्यांचं भांडण नाही. बावनथडीवर दोन्ही राज्यांनी मिळून धरण बांधलं, पाणी वाटून घेतलं, पण पाचवी कोणाची हे काही आपल्याला आपल्याच राज्यात ठरवता आलेलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेला पाचवी हवी, कारण पट वाढतो. हायस्कूलला ती सोडवत नाही, कारण पाचवीची पोरं गेली की संच मान्यतेत शिक्षकांची पदं जातात. त्यातून उन्हाळ्यात जे दृश्य दिसतं त्याला तोड नाही. एप्रिलच्या उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून, हायस्कूलचे सर मोटारसायकलवर पाचवीची मुलं शोधत गावोगाव फिरतात. चौथी पास झालेल्या पोराच्या अंगणात एकाच दिवशी तीन शाळांचे तीन सर येऊन बसतात. एक वह्या कबूल करतो, दुसरा सायकल, तिसरा एसटीचा पास. पोराची आई तिघांना चहा देते आणि कोणालाच नाही म्हणत नाही. आयुष्यभर मास्तरांपुढे हात बांधून उभ्या राहिलेल्या बापाला त्या दिवशी कळतं की आपल्या घरी जे मूल आहे ते मौल्यवान आहे. पोरगं खाटेवर पालथं पडून मोबाइल बघत असतं.

पटाचा सगळा खेळ ३० सप्टेंबरचा. त्या दिवशी जेवढी मुलं तेवढे शिक्षक. या हिशेबानं माणसाला काय काय करायला लावलं त्याचा इतिहास एकदा लिहायला हवा. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. तीन दिवस सरकारी माणसं शाळाशाळांत मुलं मोजत होती, आणि तीच मुलं दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजली जाऊ नयेत म्हणून त्यांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावत होती. तेव्हा असं निघालं की कित्येक मुलं कागदावर होती, वर्गात नव्हती. मग सरकारनं ही चोरी कायमची बंद करायची ठरवलं. सरल आलं, यूडायस आलं, प्रत्येक मुलाचं आधार जोडणं आलं, वर ‘अपार’ आयडी आला. आता आधार जुळलं तरच मूल पटावर धरतात. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आजोबांनी सांगितलेलं नाव, आधारवर ऑपरेटरनं ऐकलेलं नाव, आणि दोन्हींत वडिलांच्या नावाची दोन रूपं. त्यामुळे आता असं निघतं की कित्येक मुलं वर्गात आहेत, कागदावर नाहीत. पोट्टा पहिल्या रांगेत बसून बोर खातो आहे, गुरुजींच्या अंगावर बिया उडवतो आहे, पण प्रणालीच्या दृष्टीनं तो अस्तित्वात नाही. गुरुजी त्याला रागावतात तेव्हाही जरा अवघडल्यासारखे रागावतात.

मधल्या किरकोळ सुधारणा भराभर सांगून टाकतो, कारण त्या आल्याही तशाच आणि गेल्याही तशाच. २०२२ साली प्रत्येक वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाचा ए-फोर आकाराचा फोटो लावा असा आदेश आला, म्हणजे वर्गावर खरा शिक्षकच येतो हे पालकांना कळेल. दोनशिक्षकी शाळेत दोन्ही खोल्यांत तेच दोन चेहरे. २०२३ ला पुस्तकांचे चार भाग करून प्रत्येक धड्यामागे कोरी पानं घातली, दप्तराचं ओझं कमी व्हावं आणि वही लागू नये म्हणून. मुलांनी कोऱ्या पानांवर विमानं केली, २०२५ च्या सुरुवातीला पानं परत गेली. २०२४ ला राज्यभर एकच गणवेश, तोही वरून कापलेल्या कापडाचा. कपडे शाळेत पोहोचले तेव्हा काही मुलं त्यांत हरवली आणि काही मुलं त्यांत मावली नाहीत. वर्षअखेरीस गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे. खिचडीच्या जागी तीन पदार्थांचं ताट आलं, त्यात अंडा पुलाव आणि खीर. मग २०२५ च्या जानेवारीत कळलं की अंड्याला आणि साखरेला वेगळा पैसा नाही, लोकसहभागातून करा. नाकाडोंगरीच्या आठवडी बाजारात लोकसहभाग किलोनं मिळत नाही.

एका गोष्टीचं मात्र मनापासून कौतुक वाटतं. गरिबीपोटी शाळेनं जे जे केलं, ते ते काही वर्षांनी मोठ्या नावानं प्रशिक्षण होऊन परत आलं. एकाच खोलीत पहिली ते चौथी बसवली, कारण दुसऱ्या खोलीचं छत गळत होतं. त्याला पुढे बहुवर्ग अध्यापन म्हणू लागले. चौथीची मुलगी पहिलीच्या पोरांना पाढे म्हणवून घेई, कारण गुरुजी निवडणुकीच्या यादीच्या कामावर गेलेले. ते सहाध्यायी शिक्षण ठरलं. बाक नव्हते म्हणून मुलं जमिनीवर बसत. मग २०१५ च्या सुमारास साताऱ्याच्या कुमठे बीटचा ज्ञानरचनावाद गाजला, राज्यभरातून गुरुजींच्या गाड्या तो बघायला गेल्या आणि परत येऊन त्यांनी त्याच जमिनीवर तेलरंगानं आकडे आणि अक्षरं रंगवली. आता जमिनीवर बसणं हे मागासलेपण राहिलं नाही. मुलं तेव्हाही जमिनीवर होती, आताही आहेत. मधल्या काळात वर उचललं गेलं ते फक्त त्यांच्या बसण्याचं नाव.

पालक मात्र वेगळ्याच हिशेबात आहेत. विदर्भात इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, मग तिचा चर्चशी संबंध असो वा राइस मिलशी. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर कॉन्व्हेंटं तालुक्याहून खेड्याकडे सरकली आणि सकाळी आठला त्यांच्या पिवळ्या गाड्या पार शेवटच्या टोल्यापर्यंत पोरं वेचत येतात. गाडीत बसलेलं पोरगं टाय लावतं आणि घरी येऊन आजीला ‘डोंट टच’ म्हणतं. जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट त्यामुळे खाली येतो. वीसपेक्षा कमी पटाच्या अशा शाळा २०२३ मध्ये राज्यात पंधरा हजारांच्या आसपास होत्या, आणि त्या गुंडाळून समूह शाळा कराव्यात ही सूचना त्याच वर्षी निघाली. नमुना पानशेतच्या आणि तोरणमाळच्या समूह शाळांचा. पानठेल्यावर त्यावर झालेली चर्चा मी ऐकली. एकाचं म्हणणं होतं, गाडी येईल न्यायला, बरं होईल. दुसरा म्हणाला, “गाडी येईल गा, पन रोवण्याच्या टायमाले नाल्याले पानी रायते, तवा ते गाडी का पोहत येईल?” यावर तिसरा बोलला, की मग त्या दिवशी ऑनलाइन. सगळे हसले. रेंज त्या टेकडीपासून पुढे नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भाषेचं प्रकरण तर इथं फारच मजेचं झालं. १६ एप्रिल २०२५ ला निर्णय निघाला की पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची. मुंबई-पुण्यात रान पेटलं. १७ जूनला सुधारित निर्णय आला: हिंदी ‘सर्वसाधारणपणे’, पण एका इयत्तेतल्या वीस मुलांनी दुसरी भाषा मागितली तर ती मिळेल. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द, आणि भाषेचं ठरवायला नरेंद्र जाधवांची समिती. विदर्भातल्या शाळा त्या वर्षी ऊन म्हणून २३ जूनला उघडलेल्या. म्हणजे हिंदी आली आणि गेली यातले शाळेचे दिवस फारतर आठवडाभराचे. पण त्या आठवड्यात इथल्या गुरुजींनी इमानदारीनं विचार केला. एका इयत्तेत वीस मुलं? अख्ख्या शाळेत सतरा. आणि तिसरी भाषा कुठून मोजायची? पोरगं घरी झाडीबोली बोलतं, शेजारच्या घरी पोवारी, रानाकडच्या टोल्यावर गोंडी. बालभारतीची मराठी ही त्याची चौथी भाषा. ती तो पुण्याहून आलेल्या पाहुण्यासारखी अदबीनं बोलतो. हिंदी तर कटंगीच्या मामाकडे आणि टीव्हीवर जन्मापासून चालूच. इंग्रजी पहिलीपासून पुस्तकात. सहा झाल्या. सातवी दिली असती तर तीही घेतली असती पोरानं, फक्त अपार आयडीवर आधी नाव जुळायला हवं.

हे सगळं पार करून दहावी झालेल्यांसाठी २०२५ च्या मे महिन्यात अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बसलं. शहरात ठीक आहे, तिथं कॉलेजं शेकड्यानं. पण ज्याच्या गावात रस्त्यापलीकडे एकच कनिष्ठ महाविद्यालय आहे, ज्याच्या सरांच्या शेतात त्यानं तुरी तोडल्या आहेत, त्यानंही पुण्याच्या सर्व्हरवर अर्ज करायचा, पसंतीक्रम भरायचा, पहिल्या फेरीची वाट बघायची, आणि मग रस्ता ओलांडायचा. सीएससी सेंटरवाल्यानं एकाला सांगितलं, दहापर्यंत पसंती देता येतात, दहाही भर. त्यानं भरल्या. पहिलं रस्त्यापलीकडचं कॉलेज. बाकीची नऊ, जागा रिकामी राहू नये म्हणून.

त्याला तेच मिळालं. संध्याकाळी त्याचा बाप पानठेल्यावर गुरुजींना भेटला आणि बारावीनंतर तरी असलं काही नाही ना, असं विचारू लागला. गुरुजींनी जे प्रशिक्षणात ऐकलं होतं ते सांगितलं: आता पदवी चार वर्षांची आहे, पण घाबरायचं नाही, मध्येच सोडता येतं. एक वर्षानं सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. कोणाचं वर्ष वाया जात नाही.

बापानं खर्रा घोटता घोटता थांबून विचार केला.

“म्हंजे मधातून शाळा सोडली तरी कागद भेटते?”

“भेटते.”

“मंग माह्या बापानं चवथीत सोडली, तवा त्याले काहून नाही भेटला? त्याले तर मास्तर घरी येऊन शिव्या देऊन गेलते ना गा.”

गुरुजींनी खिशातून मोबाइल काढला आणि एक अत्यंत तातडीचा संदेश वाचायला सुरुवात केली.